छोटा अपराईट पियानो आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पियानो म्हटलं की डोळ्यासमोर ग्रँड येतो, स्टेजवरचा, झाकण उघडलेला. पण सामान्य माणसांच्या घरात जो पोचला तो भिंतीला टेकून उभा राहणारा छोटा अपराईट, आणि तो कोणी घडवला हे पियानो शिकणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मला हा इतिहास फार जवळचा वाटतो, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकत्र केलेत. भर मुख्यतः १७३९ ते १८५० या काळावर आहे, पुढचं थोडक्यात.

अपराईट म्हणजे ग्रँड पियानो उभा केलेला, एवढंच ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की आधी तोच दूर करूया. ग्रँड शब्दशः उभे केलेले पियानो अठराव्या शतकात खरंच होते. त्यांच्यात तारा कीबोर्डच्या पातळीपासून सुरू होऊन वर जायच्या, म्हणजे जेवढी लांब तार तेवढी उंच पेटी, आणि हे सगळं परत पायांच्या स्टँडवर, त्यामुळे आठ फुटांच्या आसपास उंची सहज जायची. कीबोर्डच्या खालची, वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोरची जागा मात्र पूर्ण रिकामी.

छोटा अपराईट जन्माला आला तो ही रिकामी जागा वापरायचं कोणाला तरी सुचलं तेव्हा. तारा कीबोर्डच्या मागून थेट जमिनीपर्यंत खाली न्यायच्या. त्याच लांबीच्या तारा, पण उंची जवळजवळ अर्धी. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी हॅमर (तारेवर आपटणारी हातोडी), डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारा तुकडा), फ्रेम (तारांचा ताण पेलणारी चौकट), साउंडबोर्ड (आवाज मोठा करणारी लाकडी फळी) सगळ्याचाच नव्याने विचार करावा लागला. म्हणून मी अपराईटला ग्रँडचा गरीब भाऊ वगैरे अजिबात मानत नाही, तो वेगळा शोध आहे आणि त्याचे प्रॉब्लेमही वेगळे होते.

सगळ्यात पहिला उभा पियानो कोणी केला?

पियानोच मुळात इटलीत फ्लोरेन्समधे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास केला, तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या नोकरीत असताना. त्याचे आज शिल्लक असलेले तीन पियानो १७२०, १७२२ आणि १७२६ चे आहेत आणि तिन्ही आडवे, ग्रँडच्या आकाराचे. उभ्या पियानोंमधला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना १७३९ चा, दोमेनिको देल मेला नावाच्या धर्मगुरूने फ्लोरेन्सजवळच्या गाल्यानो गावात बनवलेला. त्यानंतर १७४५ मधे जर्मनीत गेरा इथे क्रिस्तियान एर्न्स्ट फ्रिडेरिचीने पिरॅमिडच्या आकाराचा पियानो केला.

पण तारा उभ्या करायची कल्पना पियानोपेक्षाही जुनी आहे. क्लॅविसिथेरियम म्हणून उभं हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं कीबोर्डचं वाद्य) असायचं, त्यातलं साधारण १४८० चं एक लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधे अजून आहे. म्हणजे "उभा" हा मुद्दा जुनाच, "छोटा" हा नवा.

जिराफ पियानो, लायर पियानो ही काय भानगड आहे?

ते सगळे वरच्या पहिल्या प्रकारातले, म्हणजे तारा कीबोर्डपासून वर जाणारे. जिराफमधे एका बाजूला उंच मान आणि दुसरीकडे उतार, व्हिएन्नात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार चालले. लायर म्हणजे त्याच नावाच्या जुन्या तंतुवाद्याच्या आकाराचे, ते बर्लिनचे. लंडनच्या विल्यम स्टोडार्टने १७९५ मधे पेटंट घेतलेला अपराईट ग्रँड तर चक्क पुस्तकांच्या कपाटासारखा होता, तारा एका बाजूला आखूड होत जातात तिथे उरलेल्या जागेत शेल्फ. दिसायला सुंदर, पण मोठ्या दिवाणखान्याशिवाय शोभायचे नाहीत आणि उचलून न्यायचे म्हणजे चार माणसं लागायची.

छोट्या घरांसाठी स्क्वेअर पियानो होता की, मग अपराईटची गरज का पडली?

बरोबर, होता. लंडनमधे योहानेस झुम्पेने १७६६ पासून स्क्वेअर पियानो बनवायला घेतले, आयताकृती टेबलासारखे, स्वस्त, आणि ते प्रचंड खपले. योहान क्रिस्तियान बाख (मोठ्या बाखचा धाकटा मुलगा) १७६८ मधे लंडनला जाहीर कार्यक्रमात पियानोवर एकट्याने वाजवला तो झुम्पेचाच समजला जातो.

मग झालं काय, की संगीत बदललं. संगीतकारांना जास्त सप्तकं हवी होती, जास्त आवाज हवा होता, जाड तारा हव्या होत्या, त्यामुळे स्क्वेअर दर दहा-वीस वर्षांनी लांब, रुंद आणि जड होत गेला. झुम्पेचा छोटासा पियानो दोन माणसं उचलायची, १८३० नंतरचे स्क्वेअर अख्खी खोली अडवायला लागले. आणि त्याच काळात लंडनमधे घरं अरुंद, एकमेकांना चिकटून, मजल्यावर मजले चढवलेली. जमिनीवर जागा नाही पण भिंत मोकळी आहे, असं घर असलं की उभा पियानोच बसतो. इंग्लंडच्या ब्रॉडवुड कंपनीने १८६६ मधे स्क्वेअर बनवणं बंदच केलं, अमेरिकेत ते त्यानंतरही बरीच वर्षं चालले, तिथे घरं मोठी होती.

तारा जमिनीपर्यंत खाली न्यायची आयडिया नक्की कोणाची?

दोघांची, आणि गंमत म्हणजे दोघांना एकाच वर्षी, १८०० मधे, अटलांटिकच्या दोन बाजूंना सुचली. व्हिएन्नात मात्तियास म्युलरने दितानाक्लासिस नावाचा छोटा उभा पियानो केला आणि फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्सने पोर्टेबल ग्रँड या नावाने पेटंट घेतलं. एकाने दुसऱ्याचं चोरलं असं मानायला काही आधार नाही, गरज दोन्हीकडे तीच होती.

हॉकिन्स हा मूळचा इंग्लिश इंजिनियर, पिढीजात पियानो कारागीर नव्हे, आणि मला वाटतं त्याचाच त्याला फायदा झाला. पियानोवाले लाकडात विचार करायचे, हा लोखंडात विचार करत होता. त्याचा पियानो साधारण साडेचार फूट उंच, आत धातूची फ्रेम, साउंडबोर्ड त्या फ्रेममधे धरलेला, ट्यूनिंगसाठी नुसत्या खुंट्या न वापरता स्क्रू, खर्जाच्या तारा स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या म्हणजे कमी लांबीत जास्त तार मावेल, आणि कीबोर्ड घडी करून आत ढकलता यायचा. १८०० साल आहे हे लक्षात घ्या! यातल्या बऱ्याच गोष्टी बाकीच्या लोकांनी पंचवीस-तीस वर्षांनी केल्या.

मग हॉकिन्सचं नाव का झालं नाही?

कारण त्याचा पियानो सुरात राहायचा नाही. थॉमस जेफरसन, तेव्हा अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष, त्याला यंत्रांचं भारी वेड, त्याने १८०० मधेच आपल्या मुलीसाठी एक विकत घेतला. घरी पाठवलेल्या पत्रात हॉकिन्सचं, हा गरीब पण हुशार आणि नम्र तरुण आहे अशा अर्थाचं कौतुकही केलं. पण पियानो सूर धरेना, शेवटी तो परत गेला. आवाजही पातळ होता असं म्हणतात. जेफरसनचं हॉकिन्सवरचं प्रेम मात्र कमी झालं नाही, पत्र लिहिता लिहिता त्याची दुसरी प्रत आपोआप काढणारं जे पॉलिग्राफ यंत्र जेफरसन पुढे कित्येक वर्षं वापरत होता, तेही मूळ हॉकिन्सचंच.

माझं मत विचाराल तर पहिला मान हॉकिन्स आणि म्युलरचा, पण छोटा अपराईट लोकांच्या घरात टिकेल असा करून दाखवला तो तिसऱ्याच माणसाने, त्याचं नाव रॉबर्ट वॉर्नम.

वॉर्नम कोण? हे नाव कधी ऐकलंच नाही.

हेच तर दुःख आहे. रॉबर्ट वॉर्नम (१७८० ते १८५२), लंडनचा, वडील पण वाद्यं बनवणारे आणि संगीताचं दुकान चालवणारे. १८११ मधे त्याने छोट्या अपराईटचं पेटंट घेतलं, तारा तिरप्या लावलेल्या, उंची जेमतेम सव्वातीन फूट. म्हणजे आजच्या बुटक्यात बुटक्या पियानोएवढा, आणि तोही २०० वर्षांपूर्वी. त्याचं नाव ठेवलं युनिक.

तेव्हा त्याची जॉर्ज विल्किन्सनबरोबर भागीदारी होती, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कारखाना होता. १८१२ च्या ऑक्टोबरमधे कारखान्याला आग लागली, सगळं गेलं, त्यानंतर भागीदारीही मोडली. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता, याने १८१३ मधे स्वतःच्या नावावर दुसरं मॉडेल काढलं, हार्मोनिक, साडेचार फूट उंच, तारा सरळ उभ्या. पुढे असल्या सगळ्याच छोट्या पियानोंना लोक कॉटेज पियानो म्हणायला लागले. १८२० चं दशक संपता संपता त्याने आणखी बुटका पिकोलो पियानो आणला, त्याची खुबी अशी की उंची इतकी कमी की वाजवणारा किंवा गाणारा पियानोच्या वरून समोरच्या लोकांकडे बघू शकतो, आणि पाठीमागची बाजूही सजवलेली त्यामुळे भिंतीला लावायचीच सक्ती नाही. घरगुती बैठकीत एकीने वाजवायचं आणि तिनेच गायचं, अशा वेळी या गोष्टीला फार किंमत होती.

आणि विल्यम साउथवेल?

डब्लिनचा कारागीर. १७९८ मधे त्याने स्क्वेअर पियानोच आडव्या कडेवर उभा करून बघितला, आणि १८०७ मधे कॅबिनेट पियानोचं पेटंट घेतलं. कॅबिनेटमधे तारा जमिनीपर्यंत जातात खऱ्या पण पेटी सहा फुटांच्या आसपास उंच, पुढच्या बाजूला रेशमी कापड चुण्या घालून लावलेलं. हॅमर वर आणि पट्ट्या (बोटांनी दाबायच्या कीज) खाली, म्हणून प्रत्येक पट्टीपासून हॅमरपर्यंत एक लांब लाकडी काडी, तिला स्टिकर म्हणतात. लांब काड्या म्हणजे वजन आलं, वाजवताना प्रतिसाद मंद आला. तरी इंग्लंडमधे बरीच वर्षं खपला हा प्रकार.

अपराईटच्या आत प्रत्येक हॅमरला एक छोटी पांढरी टेप असते, ती कशासाठी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ग्रँडमधे तारा आडव्या, हॅमर खालून वर जाऊन मारतो आणि स्वतःच्या वजनाने खाली पडतो. गुरुत्वाकर्षण फुकटात काम करतं. अपराईटमधे तारा उभ्या, हॅमर समोरून पुढे जाऊन मारतो, आता त्याला मागे कोण आणणार? वजन त्याला मागे खेचतच नाही, उलट तो तारेजवळच रेंगाळतो, कधीकधी परत आपटतो, आणि तोपर्यंत तुम्ही तीच पट्टी दुसऱ्यांदा दाबलेली असते.

यावर उपाय म्हणून स्प्रिंग होत्याच, पण नुसत्या स्प्रिंगने भागेना. मग पट्टीबरोबर हलणाऱ्या भागाला एक तारेचा आकडा लावायचा आणि त्यातून हॅमरच्या बुंध्यापर्यंत कापडी टेप न्यायची, म्हणजे तुम्ही पट्टी सोडली की तो भाग खाली येतो आणि टेपने हॅमरला ओढून मागे आणतो. लगाम ओढून घोडा मागे घ्यावा तसंच. वॉर्नम १८२० च्या दशकापासून यावर काम करत होता, १८४२ च्या पेटंटमधे ही टेप व्यवस्थित दिसते. आज मुंबईत किंवा पुण्यात कुठल्याही अपराईटचं वरचं झाकण उचला आणि पुढची फळी काढा, तीच टेपांची रांग दिसेल. जवळजवळ १८० वर्षं ती तशीच टिकलीय, कारण युक्तीच नेमकी आहे.

ग्रँडमधे सेबास्तियाँ एरारने १८२१ मधे डबल एस्केपमेंट आणलं, म्हणजे पट्टी पूर्ण वर यायच्या आत परत वाजवता येते. अपराईटला ते जमलं नाही, म्हणून फार वेगवान एकाच सुराच्या पुनरावृत्तीत ग्रँड अजूनही पुढे आहे. बाकी कामासाठी टेप पुरेशी आहे.

इतक्या बुटक्या पेटीत खर्जाच्या लांब तारा मावतात कशा?

साधा हिशोब करून बघा. जाडी आणि ताण तोच ठेवला तर एक सप्तक खाली जायला तार दुप्पट लांब लागते. सगळ्यात वरच्या सुराची तार साधारण ५ सेंमी असते. सात सप्तकं खाली म्हणजे सात वेळा दुप्पट, १२८ पट, म्हणजे ६.४ मीटर! एवढा पियानो कोणाच्याच घरात मावणार नाही, ग्रँडसुद्धा. म्हणून खालच्या तारांवर तांब्याची तार गुंडाळून त्या जड करतात, म्हणजे कमी लांबीत खर्ज मिळतो.

दुसरी युक्ती तिरपी तार. चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, वॉर्नमने १८११ मधे हेच केलं. तिसरी युक्ती पॅरिसमधे स्थायिक झालेल्या जर्मन कारागिराची, आँरी पाप, मूळ नाव योहान हाइनरिख पापे. त्याने १८२८ च्या सुमारास छोट्या कन्सोल पियानोत खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून आडव्या क्रॉस करून नेल्या. तार लांब झाली शिवाय खर्जाचा ब्रिज (तारांची थरथर साउंडबोर्डला पोचवणारी पट्टी) साउंडबोर्डच्या कडेवरून मधल्या भागाकडे सरकला, जिथे लाकूड जास्त मोकळेपणी थरथरतं. हॅमरवर चामड्याऐवजी फेल्ट (दाबून घट्ट केलेली लोकर) लावायचं पेटंटही त्याचंच, १८२६ चं. शंभराहून जास्त पेटंटं घेतली या माणसाने, टेबलासारखे गोल पियानो सुद्धा केले, त्यातलं बरंचसं मागे पडलं पण या दोन गोष्टी मात्र जगभर राहिल्या.

शोपाँने छोट्या पियानोवर काम केलं होतं म्हणतात, खरं का?

हो, खरं. पॅरिसची प्लेयेल कंपनी, १८०७ मधे सुरू झालेली, तिने वॉर्नमच्या पियानोवरून स्वतःचा छोटा अपराईट बनवला, पियानिनो, साधारण १८३० पासून. संगीतकार आणि पियानोवादक शोपाँचा प्लेयेलवर जीव होता.

१८३८ च्या नोव्हेंबरमधे तो लेखिका जॉर्ज सँड आणि तिच्या दोन मुलांबरोबर स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला, छातीच्या दुखण्याला हवाबदल म्हणून. हिवाळा वाईट निघाला, गावात त्यांच्या आजाराची भीती पसरली आणि शेवटी ते व्हालदेमोसाच्या जुन्या मठात राहायला गेले. पॅरिसहून प्लेयेलचा पियानिनो बोटीने निघाला होता, तो बेटावरच्या पाल्मा शहराच्या कस्टममधे अडकला, जकातीवरून घासाघीस चालली, तोपर्यंत शोपाँ तिथल्याच एका साध्या पियानोवर दिवस काढत होता. पियानिनो मठात पोचला १८३९ च्या जानेवारीत, आणि फेब्रुवारीत तर ही मंडळी बेट सोडून निघाली. म्हणजे जेमतेम काही आठवडे. पण ओपस २८ चे २४ प्रेल्यूड (पियानोसाठीच्या छोट्या रचना) त्याच मुक्कामात पुरे झाले. परत जाताना पियानो नेणं परवडणारं नव्हतं, तो पाल्माच्या एका बँकरच्या घरी विकला गेला. आज व्हालदेमोसात तो बघायला मिळतो.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की १८३८ मधे पॅरिसहून भूमध्य समुद्र ओलांडून डोंगरातल्या मठापर्यंत पियानो जाऊ शकला, कारण तो छोटा होता. ग्रँड असता तर पाठवायचा विचारही कोणी केला नसता.

बोटीवर न्यायचे घडीचे पियानो पण होते का?

होते. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात जेन्किन्स नावाच्या कंपनीने श्रीमंतांच्या यॉटसाठी मिटवता येणारा पियानो मांडला होता, कीबोर्ड घडी केला की पियानोची जाडी जेमतेम फूट-सव्वा फूट उरायची. हॉकिन्सची जुनीच कल्पना.

जुने इंग्लिश पियानो आत तारांच्या पिंजऱ्यासारखे दिसतात, ते काय?

त्याला बर्डकेज ॲक्शन म्हणतात (ॲक्शन म्हणजे पट्टीपासून हॅमरपर्यंतची यंत्रणा). डॅम्पर हॅमरच्या वरच्या बाजूला असतात आणि त्यांना चालवणाऱ्या उभ्या तारा समोर रांगेत दिसतात. तारेच्या टोकाजवळ दाबल्यामुळे आवाज पूर्ण थांबत नाही, थोडा मागे रेंगाळतो. डॅम्पर हॅमरच्या खाली असलेली रचना जास्त चांगली, जर्मन आणि अमेरिकन कारखान्यांनी ती लवकर उचलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण लोखंडी फ्रेम (बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने स्क्वेअरसाठी १८२५ मधे एकसंध ओतलेली) आणि क्रॉस तारा अशी जोडी जमली, आणि बेकश्टाइन, ब्ल्यूथनर, स्टाइनवे या तिन्ही कंपन्या १८५३ मधल्याच. आजचा अपराईट त्यांनी पक्का केला तो असा.

आपल्याकडे हे पियानो कसे आले?

बोटीनेच, इंग्लिश अधिकारी आणि व्यापाऱ्यांबरोबर, नंतर पारशी, अँग्लो-इंडियन, गोवेकर ख्रिस्ती घरांतून. मुंबईत फुर्तादोसचं दुकान १८६५ पासूनचं. आपली हवा पियानोला सोसत नाही, पावसाळ्यात सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात, म्हणून युरोपातले कारखाने गरम देशांसाठी वेगळे पियानो बनवायचे, सांध्यांना पितळी स्क्रू, भरीव लाकूड. झाकणावर मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या दुकानाचं नाव छापलेलं असलं तरी बनवणारा दुसराच असू शकतो, म्हणून आतली फ्रेमही बघा.

आणि जाता जाता, आपली पेटी पण याच पॅरिसमधून आलेल्या वंशातली. हार्मोनियमचं पेटंट आलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या दशकात तिथेच घेतलं.

आमच्या आजोळी जुना अपराईट पडून आहे, किती जुना असेल?

ढोबळ खुणा सांगते. पुढे रेशमी कापड किंवा जाळीदार लाकूडकाम, मेणबत्त्यांसाठी पितळी हात, सरळ उभ्या तारा, वर लाकडी पट्टीत बसवलेल्या ट्यूनिंग पिना, आत पिंजरा, ८५ पट्ट्या, यातल्या बऱ्याच गोष्टी असल्या तर १९०० च्या आधीचा किंवा आसपासचा धरायला हरकत नाही. क्रॉस तारा आणि वरपर्यंत लोखंडी फ्रेम असली तर बहुतेक नंतरचा. सिरियल नंबर फ्रेमवर किंवा झाकणाखाली शोधा, मोठ्या कंपन्यांच्या नंबरांवरून साल कळतं. पट्ट्या हस्तिदंती असल्या तर परदेशात न्यायच्या आधी परवानग्यांची चौकशी करा, हस्तिदंताच्या ने-आणीवर कडक निर्बंध आहेत.

तो ट्यून करून घेऊ का?

घ्या, पण घाई नको. आधुनिक पियानोच्या तारांचा एकूण ताण १८ ते २० टन असतो. जुन्याचा कमी, पण फ्रेमही कमकुवत. वर्षानुवर्षं हात न लावलेला पियानो अर्धा सूर उतरलेला असेल आणि एका बैठकीत वर चढवला तर तारा तुटतात, कधी फ्रेमलाही धोका. चांगला ट्यूनर दोन-तीन वेळा येऊन टप्प्याटप्प्याने चढवतो, आणि काही पियानो थोडे खालच्या सुरातच ठेवलेले बरे असं स्पष्ट सांगतो, त्याचं ऐका. पावसाळ्यात आत छोटा बल्ब लावून ठेवायची मुंबई-गोव्याकडची जुनी पद्धत अजून चालते, फक्त बल्ब लाकडाला आणि फेल्टला टेकणार नाही असा टांगा. फेल्टला कसर लागते, डांबर गोळ्या कापडात बांधून खालच्या फळीच्या आत ठेवा आणि त्या तुटलेल्या टेपा दिसल्या तर तेवढ्या बदलून घ्या, काम छोटं आहे आणि वाजवताना फरक लगेच कळतो.